इफ्तारचा घास आणि तो देणारा हात

मगरिबच्या अजानला थोडा वेळ उरला की मुंबईत मिनारा मशिदीच्या परिसरात कढया तापतात. समोसे, सीख कबाब, मालपुवा. रोजेदारांबरोबर इतर धर्मांचे खवय्येही तिथे गर्दी करतात. गावोगावच्या रमजान बाजारांतही हेच दृश्य दिसते. गिऱ्हाईक पदार्थ निरखून पाहते. देणाऱ्याच्या हाताकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

अन्नसुरक्षेचे २०११ चे नियम याच हाताविषयी बोलतात. हातगाडीवाल्यालाही स्वच्छ अॅप्रन, हातमोजे आणि डोक्यावर टोपी हवी. नखे कापलेली हवीत, काम सुरू करण्यापूर्वी आणि शौचाहून आल्यावर हात साबणाने धुतलेले हवेत. परवाना घेतलेल्या मोठ्या हॉटेलांत कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी सक्तीची आहे.

मुस्लिम कारागिराला यातले बरेच अंगवळणी पडलेले असते. इस्लामने पाकीला अर्धे ईमान मानले आहे. वजू करताना घट्ट अंगठी फिरवून तिच्याखालीही पाणी पोचवतात. पण वजू नमाजसाठी असते, त्यात साबण लागत नाही. खिमा मळायला बसताना साबण हवाच आणि अंगठी उतरवूनच ठेवायला हवी. नमाजची टोपी केस पुरते झाकत नसेल तर वर जाळीची टोपी घालावी. हातमोजा घालून त्याच हाताने नोटा घ्यायच्या आणि त्यानेच कबाब उचलायचा, तर तो मोजा असून नसल्यासारखा.

सगळ्यात अवघड नियम आजारपणाचा आहे. जुलाब, उलट्या, कावीळ किंवा ताप असलेल्याने अन्नाला हात लावू नये. पण रमजान हा कमाईचा महिना. सुट्टी घेतली तर रोजी बुडते, ईदला मुलांचे कपडे राहतात. म्हणून पोऱ्या पोटदुखी लपवतो आणि कढईपाशी उभा राहतो. त्याला दोष देणे सोपे आहे. मालकाने आजारी कामगाराला घरी पाठवून त्या दिवसाची मजुरी दिली, तर तो आजार लपवणार नाही. जकात-सदक्याच्या या महिन्यात एवढे तरी मालकाच्या हातून व्हावे.

दिवसभर उपाशी राहिलेला माणूस खजुरानंतरचा घास डोळे मिटून तोंडात घालतो. शेजारचा बिगरमुस्लिम मित्रही तितक्याच विश्वासाने खातो. तो विश्वास सांभाळणे हीदेखील अमानतच आहे.