मोटारगाडीच्या टायरचे आकारमान

मोटारगाडीच्या टायरचे आकारमान म्हणजे टायरची रुंदी, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची आणि तो ज्या रिमवर बसतो त्या रिमचा व्यास, या तीन मापांची टायरवर दिलेली नोंद होय. उत्पादकाने दिलेल्या मापाहून मोठी चाके बसविण्यास बोलचालीत 'अपसाइझिंग' असे म्हणतात. असा बदल करताना चाकाचा एकूण व्यास कायम राखणे ही पहिली अट आहे; परंतु तेवढ्याने भागत नाही. व्यास तोच ठेवून रिम मोठी केली की रबराची भिंत तितकीच आखूड होते. पाऊस, घाट आणि खड्डे असलेल्या कोकणासारख्या प्रदेशात हा फरक सुरक्षिततेचा ठरतो.

मापाची नोंद

'१८५/६५ आर १५ ८८ एच' या नोंदीत १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी आहे. ६५ हा आकडा भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के असल्याचे सांगतो. 'आर' म्हणजे रेडियल रचना आणि १५ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. पुढील ८८ हा भारांक असून असा एक टायर ५६० किलोग्रॅम भार पेलू शकतो. 'एच' हे ताशी २१० किलोमीटर या कमाल वेगाचे चिन्ह आहे.

एकूण व्यासाचे गणित

भिंतीच्या उंचीची दुप्पट आणि रिमचा व्यास (१ इंच = २५.४ मिमी) यांची बेरीज म्हणजे चाकाचा एकूण व्यास. भारतातील छोट्या गाड्यांमध्ये आढळणाऱ्या तीन मापांचे गणित असे :

* १६५/८० आर १४ : भिंत १३२ मिमी, एकूण व्यास ६१९.६ मिमी
* १८५/६५ आर १५ : भिंत १२०.२५ मिमी, एकूण व्यास ६२१.५ मिमी
* १९५/५५ आर १६ : भिंत १०७.२५ मिमी, एकूण व्यास ६२०.९ मिमी

तिन्ही व्यास जवळजवळ समान आहेत. म्हणूनच मारुती सुझुकी स्विफ्टच्या निरनिराळ्या प्रतींत पहिली दोन, तर बलेनोच्या प्रतींत शेवटची दोन मापे दिली गेली. याउलट १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ आर १५ बसविल्यास व्यास ६४७.५ मिमी, म्हणजे सुमारे ४.२ टक्के अधिक होतो. मूळ वेगमापक अचूक असल्यास तो ताशी ८० किलोमीटर दाखवीत असताना गाडीचा खरा वेग ८३ हून अधिक असतो. त्रिज्या वाढल्यामुळे तेवढ्याच दाबाने ब्रेकची जमिनीवरील पकड त्या प्रमाणात घटते, आणि चढावर इंजिनाची ओढही कमी पडते.

व्यास जुळला तरी भारांक तपासावा लागतो. १९५/५५ आर १६ या मापाचा भारांक सामान्यतः ८७, म्हणजे प्रतिटायर ५४५ किलोग्रॅम असतो. याखेरीज रिमची रुंदी, नटांच्या वर्तुळाचा व्यास (पीसीडी), मधल्या छिद्राचा व्यास आणि ऑफसेट जुळणे आवश्यक असते. ऑफसेट चुकल्यास वळणावर टायर मडगार्डला किंवा सस्पेन्शनला घासतो.

कोकणातील रस्ते व हवामान

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील कशेडी व परशुराम घाट, कराडकडे जाणारा कुंभार्ली घाट आणि कोल्हापूरकडे जाणारा आंबा घाट हे येथील नित्याचे मार्ग आहेत. वाड्यांकडे जाणारे कित्येक रस्ते जांभ्या दगडाचे व कच्चे आहेत. लाल पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली चालकास दिसत नाही. चाक त्याच्या कडेवर आदळले की आखूड भिंत कड आणि रिम यांच्यात चिमटली जाते, आतील धागे तुटतात आणि भिंतीवर फुगवटा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. पोलादी रिम अशा धक्क्याने वाकते व बहुधा ठोकून सरळ करता येते. मिश्रधातूची (अलॉय) रिम तडकू शकते.

रुंद टायर कोरड्या रस्त्यावर वळणात अधिक स्थिर वाटतो. मात्र साचलेल्या पाण्यात त्याला अधिक पाणी बाजूला सारावे लागते. म्हणून नक्षी व हवेचा दाब सारखाच असल्यास अरुंद टायरच्या तुलनेत तो कमी वेगातही पाण्यावर तरंगू लागतो. अशा वेळी सुकाणू व ब्रेक दोन्ही निष्प्रभ होतात. नक्षी झिजलेली असल्यास हा धोका वाढतो.

कायदेशीर बाबी

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारगाडीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळतः ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीस दुजोरा दिला.

निवड

त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रतीसाठी उत्पादकाने दिलेले माप हा सर्वांत सुरक्षित पर्याय होय. मान्य मापे व हवेचा दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा वाहनपुस्तिकेत दिलेला असतो. एकाच आसावरील दोन्ही टायर समान मापाचे असावेत. चाके बदलल्यानंतर जुन्या मापाची स्टेपनी उरत असल्यास तिचा एकूण व्यास नव्या चाकांशी जुळतो का, हेही पाहावे. प्रामुख्याने खराब रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीसाठी मान्य मापांपैकी उंच भिंतीचे माप अधिक टिकाऊ व कमी खर्चाचे ठरते.