आठळी थांबते, कोय थांबत नाही

जळगावजवळच्या मेहरूणची बोरे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या आठळ्या वाळवून डब्यात ठेवल्या आणि पावसाळ्यात पेरल्या, तर त्यांतल्या पुष्कळ रुजतात. पण मे महिन्यातल्या आंब्याच्या कोयी वाळवून दिवाळीनंतर पेरल्या, तर सहसा एकही उगवत नाही. असे का व्हावे?

उत्तरासाठी प्रथम ऋतुचक्राकडे पाहू. खानदेशात सीताफळे पावसाळ्याच्या अखेरीस, बोरे हिवाळ्यात आणि चिंचा उन्हाळ्याच्या तोंडी पिकतात. त्यांच्या बिया जमिनीवर पडतात तेव्हा पुढचा पावसाळा दूर असतो. मध्ये वैशाखाचे ऊन असते. धुळे-जळगावकडे पारा 44-45 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा वेळी अंकुर बाहेर आला, तर तो करपणारच! म्हणून या बियांजवळ थांबण्याची सोय असते. तिलाच सुप्तावस्था म्हणतात.

ही सोय निरनिराळी असते. बोराच्या बीभोवती कठीण कवच असते. चिंचोक्याच्या सालीतून पाणी लवकर आत शिरत नाही. सीताफळाच्या बीतील गर्भ इतका लहान असतो की, आधी तो आतच वाढतो आणि मग बी रुजते. रोपवाटिकेत बोराची आठळी बेताने फोडून आतले बी पेरतात. मग तीन-चार आठवड्यांऐवजी ते सुमारे आठवड्यातच उगवते.

आंबा आणि जांभूळ यांची गोष्ट वेगळी. ही फळे मृगाच्या आगेमागे पिकतात. बी पडते न पडते तोच पाऊस येतो. थांबण्याची गरजच नाही, म्हणून तशी तयारीही नाही. कोयीतील बी ओलसर असते, त्याच्या पेशींचे काम चालूच असते. ते वाळले की मरते.

मग आठळीतील बी वाळूनही जिवंत कसे राहते? पाणी कमी होताना त्याच्या पेशींतील द्रव हळूहळू काचेसारखा घट्ट होतो. रेणूंची हालचाल मंदावते आणि झीजही मंदावते. जे. एफ. हॅरिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशा बियांसाठी एक सोपा ठोकताळा दिला आहे : ओलावा 1 टक्क्याने घटवला की आयुष्य दुप्पट, तापमान 5 अंशांनी उतरवले की पुन्हा दुप्पट. आता हिशेब करा. ओलावा 13 टक्क्यांवरून 8 वर आणला, तर आयुष्य 32 पट. तापमान 40 अंशांवरून 20 वर आणले, तर 16 पट. दोन्ही केले, तर 512 पट!

वाळवून साठवता येणाऱ्या आणि न येणाऱ्या बियांचे हे दोन वर्ग ई. एच. रॉबर्ट्स यांनी 1973 साली मांडले. पहिल्या वर्गातील बिया उणे 18 अंशांवर ठेवतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर 2008 साली उघडलेल्या बीजकोठारात हेच तापमान राखतात. ओली कोय तेथे ठेवली, तर तिच्यातील पाण्याचा बर्फ होईल. बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के प्रसरण पावते आणि त्याचे स्फटिक पेशी फाडून टाकतात. म्हणून कोयीला कोठार नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. बांधावरचा रायवळ आंबा कोयीपासून वाढलेला असतो. त्याच्यासारखा दुसरा आंबा सहसा नसतो. तो तोडला, तर डब्यातल्या बियांतून त्याला परत आणता येत नाही. त्याची चव टिकवायची, तर झाड उभे असतानाच त्याच्या काडीचे कलम बांधले पाहिजे.

यंदा जांभळे आली की, शाळेत एक प्रयोग करा. सारख्या आकाराच्या 20 ताज्या बिया धुऊन घ्या. 10 लगेच पेरा. उरलेल्या 10 सावलीत, वारा लागेल अशा जागी वाळवा आणि दर आठवड्याला त्यांचे वजन करा. दीड महिन्याने त्याही पेरा. दोन्हींपैकी किती उगवल्या, ते वहीत मांडा. आणि उगवलेल्या रोपांना जागा द्या. त्यांचे बी साठवण्याची खरी जागा म्हणजे उभे झाडच!