लेकराची उंची भरत नाही, तर नेमकं काय तपासतात?

जालना जिल्ह्यातल्या शहागडच्या कुठल्याही शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लागली की सगळ्यांत पुढं कोण, हे अख्ख्या वर्गाला पाठ असतं. दोन-तीन वर्षं आपलंच लेकरू पुढं राहिलं की आईच्या मनात पाल चुकचुकते. आजी म्हणते, बापही उशिरानंच वाढला होता. शेजारीण उंची वाढवणाऱ्या पावडरचा डबा सुचवते. डबा घ्यायची घाई करू नका. त्याआधी करायची कामं फुकट आहेत आणि बरीचशी घरीच होतात.

पहिलं काम म्हणजे खरं वय ठरवणं. जुने दाखले चाळले तर मराठवाड्यातलं निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं दिसतं. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीनं लिहिलेली ती तारीख. आता जन्मदाखले मिळतात, पण ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या लेकराची नोंद अजूनही मागंपुढं होते. वयात एका वर्षाची चूक झाली तर हिशेबात पाच-सहा सेंटिमीटरचा घोळ होतो आणि धडधाकट मूल उगाच खुजं ठरतं. म्हणून दाखल्यावरची नाही, आपल्याला आठवते ती तारीख डॉक्टरांना सांगा.

मग मोजमाप. दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून मोजतात, त्यावरच्याला उभं करून. पायात चप्पल नको, डोक्यावर अंबाडा नको. टाचा, कुल्हे आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरायचं, त्याची एक बाजू भिंतीला घट्ट लावायची आणि खालच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारायची. लेकरू बाजूला झालं की लोखंडी टेपनं मोजायचं. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणलेली असते. सकाळपेक्षा संध्याकाळी उंची जवळजवळ एक सेंटिमीटरनं कमी भरू शकते, म्हणून दर वेळी मोजायची वेळ तीच ठेवा. आकडा तारखेसकट वहीत लिहा. भिंतीवरची रेघ दिवाळीच्या रंगात पुसली जाते.

आता हा आकडा ठेवायचा कशाशी ताडून? शेजारच्या पोराशी नाही, तर वाढीच्या आलेखाशी. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे आलेख वापरतात. त्यापुढं १८ वर्षांपर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे, मुलांचे वेगळे नि मुलींचे वेगळे. या दुसऱ्या आलेखांमागं पुण्याचं मोठं काम आहे. जहांगीर रुग्णालयातल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी मुलांची वाढ, हाडं आणि हार्मोन यांच्या अभ्यासात वर्षानुवर्षं घालवली. आलेखांसाठी पुणे, मुंबईसह देशातल्या १४ शहरांतल्या ८७,०२२ मुलांची मापं गोळा झाली. छाननी होऊन त्यांतली ३३,१४८ मुलांची मापं वापरली गेली. उंचीच्या मानानं फार जाड असलेली मुलं मुद्दाम वगळली, नाहीतर लठ्ठपणाच ‘नॉर्मल’ म्हणून छापला गेला असता.

ही मुलं मध्यम आणि सुखवस्तू घरांतली होती. मजुराच्या लेकराला शहरातल्या पोराचं माप का लावायचं, असं आपल्याला वाटेल. पण पोटभर मिळालं तर भारतीय मूल किती वाढतं, हे आलेखानं दाखवायचं असतं. अर्धपोटी मुलांवरून तो काढला असता तर उपासमार त्यात लपून गेली असती.

आलेखावर सात वळणदार रेषा असतात. सर्वांत खालच्या रेषेवर ३ लिहिलेलं असतं. याचा अर्थ, शंभर निरोगी मुलांतली तीन त्या रेषेच्याही खाली असतात. त्यामुळं तिथं ठिपका पडला म्हणजे आजारच, असं नाही. एका ठिपक्यावरून फारसं काही कळत नाही.

म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं, आणि सगळं गाडं नेमकं इथंच अडतं. दसऱ्यानंतर टोळी ऊसतोडीला निघते आणि वहीतली दुसरी नोंद राहून जाते. सोबत नेलेल्या लेकराची उंची फडाजवळच्या अंगणवाडीतही मोजून घेता येते. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात १२ च्या आसपास. चौथ्या-पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा. या काळात वर्षभरात चारही भरले नाहीत किंवा मूल आपली रेषा सोडून खाली घसरायला लागलं, तर बालरोगतज्ज्ञ गाठायचा. उलट, खालच्या रेषेजवळ असूनही तिला धरून नेटानं वाढणारं मूल बहुधा आईबापांवर गेलेलं असतं.

हे ताडून पाहायला सोपा हिशेब आहे. आई आणि बाप यांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा. मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, मग निम्मं करा. बाप १६६ आणि आई १५२ असेल तर मुलगा १६५.५ च्या आसपास जाईल, मुलगी १५२.५ च्या. सहा-आठ सेंटिमीटर इकडंतिकडं चालतं. आईबापांची उंची मात्र मोजून घ्या. तोंडी विचारली की पुरुष हमखास वाढवून सांगतात.

दवाखान्यात डॉक्टर उंचीसोबत वजनाचाही आलेख बघतात. लेकरू खुजं आणि हडकुळं असेल तर आधी खाणं, जंत, जुनाट आजार यांचा माग काढतात. खुजं पण अंगानं गुबगुबीत असेल तर संशय हार्मोनवर जातो. हार्मोन म्हणजे शरीरातल्या ग्रंथी थेट रक्तात सोडतात तो रस. गंमत अशी की गुबगुबीत पोराला आपण ‘खातंपितं’ म्हणतो आणि तपासायचंच राहून जातं.

पुढं डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे. त्यावरून हाडांचं वय कळतं. दहा वर्षांच्या मुलाची हाडं आठ वर्षांची दिसली तर वाढीला अजून वाव आहे. आजीचं ‘उशिरा वाढला’ कधी कधी इथं खरं ठरतं. हाडांची टोकं जुळली की मात्र कुठलंही औषध उंची वाढवत नाही. पाळी सुरू झाल्यावर मुलीची उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते, म्हणून मुलींच्या बाबतीत वाट पाहणं महागात पडतं. उंची फारच कमी असलेल्या मुलीची गुणसूत्रंही तपासतात. सुमारे अडीच हजार मुलींत एकीला टर्नर सिंड्रोम असतो, म्हणजे तिच्यात एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं.

रक्तात आधी थायरॉइड बघतात. थायरॉइडचं हार्मोन कमी पडण्याचा दोष जन्मतःही असू शकतो. साधारण हजार बाळांत एकाला तो असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत उपचार न झाल्यास बुद्धीवर परिणाम होतो. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर तो कळतो, तेव्हा बाळंतपणानंतर घरी जाण्याआधी ही तपासणी झाली का, हे विचारा. थायरॉइडची गोळी स्वस्त आहे. ती रिकाम्या पोटी द्यायची, लोह-कॅल्शियमच्या औषधासोबत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे गोळी बंद करतात, पण तो गोळीमुळंच नॉर्मल आलेला असतो.

वाढीचं हार्मोन असं एकदाच रक्त काढून मोजता येत नाही. ते मुख्यतः झोपेत, थांबून थांबून स्रवतं. त्यासाठी औषध देऊन ठरावीक वेळानं अनेकदा रक्त घेतात. कमतरता ठरलीच तर इंजेक्शन रोज, तेही काही वर्षं. १९८५ पर्यंत हे हार्मोन मृतदेहातल्या पिट्युटरी ग्रंथींमधून काढत, आता ते प्रयोगशाळेत बनतं. महाग आहे, आणि नुसत्या बुटक्या पण निरोगी मुलाला त्याची गरज नसते.

शाळेत-अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अशा मुलांना पुढं पाठवतं. जालन्याचं जिल्हा रुग्णालय किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, जिथं जाल तिथं वही, लसीकरणाचं कार्ड आणि जुने एक्स-रे सोबत न्या. कागद घरी राहिले तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

बारीक मुलांविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं अभ्यासली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त निघाली. हीच मुलं मोठी झाल्यावर अंगानं किरकोळ असूनही कित्येकांची साखर वाढलेली आढळली. जन्मताना हलकं असलेलं मूल पुढं झपाट्यानं वजन धरू लागलं तर कौतुक जरा आवरतं घ्या.

आणि मूल सारखं पाणी पीत असेल, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल, लघवीला मुंग्या लागत असतील, खाऊनही वाळत असेल, तर सहा महिने थांबायचं नाही. हा लहानपणीचा मधुमेह असू शकतो. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास सुरू झाला की जिवाला धोका. त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात बोटातून रक्त घेऊन साखर तपासायला सांगा. मिनिटभरही लागत नाही.