कुंभारीण माशी आणि विमानाचा काटा

कुंभारीण माशी शेतकऱ्याला नवी नाही. मोटारीच्या स्टार्टरची पेटी चार दिवस उघडी राहिली की तिनं आत मातीचं घर बांधलंच म्हणून समजा. कुलपाचं भोक, भिंतीतला प्लग, पडून राहिलेला पाइप, तिला काहीही चालतं. ओल्या मातीच्या गोळ्या आणायच्या, आत कोळी नाहीतर अळ्या भरायच्या, अंडं घालायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. अळ्या वेचते म्हणून ती आपल्या कामाचीच. पण हीच माशी विमानही संकटात घालते, हे पारावर सांगितलं तर लोक हसतील.

बारामती, गोंदिया, शिरपूर या भागात शिकाऊ विमानं डोक्यावरून फिरताना दिसतात. त्यातलं सेस्ना १७२ जातीचं एखादं विमान उभं असताना नीट न्याहाळा. डाव्या पंखाच्या खाली एक छोटी वाकडी नळी दिसेल, तोंड समोर वळवलेलं. हिला पिटो नळी म्हणतात. वैमानिकाला वेग दाखवणारा काटा या नळीच्या जिवावर फिरतो.

नळीचं मूळ मात्र आकाशात नाही, पाण्यात आहे. आंरी पिटो नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं १७३२ साली पॅरिसच्या सीन नदीचा वेग मोजायला ती काढली. वाकवलेली नळी धारेकडे तोंड करून बुडवली की पाणी तिच्यात चढतं. पाटकऱ्याला हे लगेच उमजेल. पाटाचं पाणी सेकंदाला एक मीटर धावत असेल, तर नळीत ते सुमारे पाच सेंटीमीटर वर चढतं. दोन मीटर धावत असेल तर वीस सेंटीमीटर. वेग दुप्पट, तर चढ चौपट. विमानात पाण्याच्या जागी हवा, एवढाच फरक. समोरून नळीत घुसणाऱ्या हवेचा दाब एकीकडे, आणि विमानाच्या अंगावरच्या दुसऱ्या एका बारीक भोकातून येणारा आजूबाजूच्या हवेचा दाब दुसरीकडे. दोहोंतली तफावत म्हणजे वेग.

आता हे तोंड मातीनं लिंपलं गेलं तर काय होईल? काटा शून्यावर बसला तर एक वेळ बरं, कारण बिघाड डोळ्यांना दिसतो. नळीला पाणी निथळायला मागं एक छोटं भोक असतं. ते उघडं असेल तर काटा असाच खाली बसतो. पण तेही बुजलं तर काटा खोटं बोलायला लागतो. नळीत जुनी हवा कोंडलेली राहते. विमान वर चढलं की बाहेरची हवा विरळ होते, तफावत वाढते आणि काटा वेग वाढल्याचं दाखवतो. वेग मात्र तेवढाच असतो, किंवा कमीही झालेला असतो. नवशिक्याला वाटतं, फार जोरात चाललोय. तो नाक वर उचलतो, इंजिन कमी करतो. काटा आणखी चढतो. शेवटी पंखाला धरून ठेवणारी हवाच पुरत नाही आणि विमान खाली बसतं.

ही नुसती कागदावरची भीती नाही. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बोइंग ७५७ विमान समुद्रात पडलं. १८९ माणसं गेली. विमान बरेच दिवस उभं होतं आणि नळ्यांवर झाकणं नव्हती. नळीत माशीचं घर झालं असावं, असा तपास करणाऱ्यांचा कयास आहे. मन खातं ते पुढच्या गोष्टीनं. मुख्य वैमानिकाचा काटा चालत नाही, हे धावपट्टीवरच कळलं होतं. थांबता येत होतं. ते थांबले नाहीत.

माशीला वेळ तरी किती लागतो? नोव्हेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन विमानतळावर एक मोठं विमान जेमतेम दोन तास उभं होतं. तेवढ्यात नळी बुजली. वेगाचा घोळ लक्षात आला आणि वैमानिकांनी ते सुखरूप परत आणलं.

छोट्या विमानात यावर उपाय काय? पहिला उपाय जमिनीवरच. विमान उभं केलं की नळीवर लाल फितीचं झाकण घालायचं, निघताना ते काढायचं आणि भोकात डोकावून बघायचं. फवारणीचा नोझल तुंबला की आपण तोंडानं फुंकतो. ते इथं अजिबात चालत नाही. ताशी ११० किलोमीटर वेगाला या नळीत येणारा दाब फक्त सहा सेंटीमीटर पाण्याएवढा असतो. माणूस जोरानं फुंकला तर त्याच्या कितीतरी पट दाब पडतो आणि आतलं नाजूक यंत्र कामातून जातं. तार खुपसली तर माती आणखी आत जाते. मेकॅनिकला बोलवावं, तो नळी सोडवून साफ करतो.

दुसरा उपाय धावपट्टीवर. विमान पळायला लागलं की काटा हलला का, ते बघायचं. हलला नाही तर इंजिन मिटायचं, ब्रेक लावायचा, परत यायचं. यात लाज कसली?

आणि हवेत गेल्यावर कळलं तर? तर काट्याच्या मागं लागायचं नाही. विमानाचं नाक क्षितिजाच्या किती वर आहे आणि इंजिन किती फेऱ्यांवर आहे, या दोन गोष्टी ठरलेल्या जागी ठेवल्या की वेग आपोआप ठरतो. बैलगाडी हाकणाऱ्याला वेग कळायला काटा लागतो का? रोजचा बैल, रोजचा रस्ता, चालीवरूनच कळतं. तसंच. सेस्नासारख्या विमानात उतरताना साधारण १५०० फेरे आणि ठरलेले फ्लॅप ठेवले की वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास येतो. प्रत्येक विमानाचे नेमके आकडे त्याच्या पुस्तकात असतात. थंड ढगात बर्फ धरला असेल तर नळी तापवायचं बटण दाबायचं. टॉवरला कळवायचं. वळणं हलकी घ्यायची आणि लांब धावपट्टी मागून घ्यायची. जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतं, पण त्यात वाऱ्याचा हिशेब धरावा लागतो. चांगले शिक्षक शिकणाऱ्याला काट्यावर कागद चिकटवून विमान उतरवायला लावतात, ते यासाठीच.

झाकण घालणारा माणूस मात्र कुठल्या पुस्तकात येत नाही. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरूत विमान धुताना अंगावरच्या भोकांना चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहिली आणि ७० जीव गेले. ब्रिस्बेनलाही माशीच्या भीतीनं झाकणं घालायला लागले, तर २०१८ च्या जुलैमध्ये एक विमान तिन्ही झाकणं अंगावर घेऊनच उडालं. नशिबानं ते सुखरूप उतरलं.

आपल्याकडच्या धावपट्ट्यांवर पहारेकरी, सफाईवाले बहुतेक आजूबाजूच्या गावांतलेच. विमानं उभी राहतात तिथला गळका नळ वेळीच दुरुस्त करून घेतला, तर कुंभारणीला ओली माती लांबून आणावी लागेल. आणि कुंपणापाशी गुरं राखणाऱ्यानं पंखाखाली लाल फीत फडफडत विमान निघालेलं पाहिलं, तर संकोच न करता पहारेकऱ्याला हाक द्यावी.