उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वांचे संगणकीय रूपांतर : विदर्भातील दोन उदाहरणे

वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे माणसाने वाचावीत म्हणून लिहिलेली असतात. ‘आवश्यकतेनुसार मात्रा वाढवावी’, ‘प्रकृती खालावल्यास रुग्णालयात पाठवावे’ ही वाक्ये अनुभवी डॉक्टरला अपुरी वाटत नाहीत. उरलेला अर्थ तो स्वतःच्या अनुभवातून भरून काढतो. संगणकाजवळ असा अनुभव नसतो. खालावणे म्हणजे काय, ते कोणत्या नोंदीवरून ठरवायचे आणि नोंदच नसेल तर काय करायचे, हे त्याला आधी सांगावे लागते.

हे काम संगणकाविनाही किती काटेकोरपणे करता येते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. तो 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बालमृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, सुमारे 62 टक्क्यांनी घटला होता. या कामात जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. ती गावातीलच, थोडेफार शिकलेली आरोग्यदूत होती. तिच्या हाती ‘बाळ गंभीर वाटल्यास’ असे वाक्य देऊन भागणारे नव्हते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकषात सात लक्षणे आहेत : दूध ओढणे कमी होणे वा थांबणे, रडणे क्षीण होणे वा थांबणे, हातपाय लुळे पडणे, उलटी किंवा पोट फुगणे, अंग गार लागत असल्याचे आईने सांगणे, छाती जोराने आत ओढली जाणे आणि बेंबीत संसर्ग. यांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी आढळली तर उपचार करावा किंवा बाळाला पुढे पाठवावे.

हा नियम संगणकात घालणे वरवर पाहता अगदी सोपे आहे : सात प्रश्न, एक बेरीज. अडचण पुढेच सुरू होते. दूध ओढणे ‘कमी झाले’ हे ठरवण्यासाठी कालची नोंद हवी; ती नसेल तर उत्तर ‘नाही’ असे होत नाही, ‘माहीत नाही’ असे होते. अनेक प्रणाली रिकाम्या रकान्याला ‘नाही’ समजतात, आणि अशा वेळी आजारी बाळ निरोगी ठरते. शिवाय ‘अंग गार’ ही आईची साक्ष आहे, तापमापीचा आकडा नव्हे. तिच्या जागी अंशांचा रकाना ठेवला तर नियम बदलतो, मग कागदावर तो तसाच दिसत असला तरी.

परदेशातही हाच अनुभव आला. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील आर्डन हाउस येथील बैठकीतून ‘आर्डन सिंटॅक्स’ ही नियमलेखनाची भाषा पुढे आली. एका रुग्णालयात लिहिलेला नियम दुसऱ्याला वापरता यावा, हा तिचा हेतू होता. मात्र रुग्णाची माहिती स्थानिक संगणकातून कशी घ्यायची, हे नियमातील महिरपी कंसांत लिहावे लागे. ते प्रत्येक रुग्णालयाला नव्याने लिहावे लागत असे. या अडचणीला महिरपी कंसांचेच नाव पडले! तर्क सर्वत्र एकच, पण नोंदी ज्याच्या त्याच्या. यावरचा एक उपाय म्हणजे समान संज्ञावली. ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय संज्ञावलीचा भारत 2014 मध्ये सदस्य झाला आणि तिच्या राष्ट्रीय केंद्राचे काम पुण्याच्या सी-डॅककडे आले.

संज्ञा नेमकी नसेल तर काय होते, हे नागपूर विभागाला परिचित असलेल्या सिकलसेलवरून कळते. प्राथमिक तपासणीतील सोल्युबिलिटी चाचणी वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) या दोघांतही होकारार्थी येते. भेद कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. शिबिराच्या यादीत केवळ ‘सिकल पॉझिटिव्ह’ असे लिहिले गेले आणि हायड्रॉक्सियुरियाची सूचना देणारा नियम त्या शब्दाला जोडला, तर औषधाची गरज नसलेल्या वाहकासमोरही सूचना झळकेल. उलट, खबरदारी म्हणून नियमच बंद ठेवला तर खरा रुग्ण वंचित राहील. दोष येथे संगणकाचा नाही. चाचणीचा प्रकार आणि निष्कर्ष हे दोन स्वतंत्र रकाने हवे होते. आणि ते कोणते असावेत, हे प्रोग्रामरने नव्हे, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ व उपचार करणारा डॉक्टर यांनी नियम लिहिण्यापूर्वी एकत्र बसून ठरवायचे असते.