ओहोटी बघून निघा
मुलांना निसर्ग दाखवायचा म्हणजे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, हे मुंबईकरांचं ठरलेलं. त्याहून हाताशी, तोही बिनतिकिटाचा, असतो तो ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ किनारा. कार्टर रोडला तो दिसतो, जुहूलाही. २०१७ मध्ये सुरू झालेला 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा गट अशा किनाऱ्यांवर फेऱ्या काढतो.

वेळ चंद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, पाणी सर्वांत लांब हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पायपीट फुकट. शिवाय ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. त्यामुळे 'दर रविवारी सकाळी सात' हे वेळापत्रक इथे चालत नाही.

पायात बंद बूट हवेत, कारण खडकांवरची कालवं तळपाय कापतात. दगड उलटला तर होता तसाच ठेवायचा, नाहीतर खाली चिकटलेले जीव उन्हात वाळतात. मुलं रमतात ती रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणाऱ्या खेकड्यापाशी. न हलता बसलं, की आधी मिशा, मग देठांवरचे डोळे, मग नांगी बाहेर येते. कुणी खोकलं की सगळं आत. वर्गात इतकी शांतता कुठल्याच बाईंना मिळत नसेल!

मुंबईच्या खडकांवर प्रवाळही आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना सर्वोच्च संरक्षण आहे, तुकडाही घरी नेता येत नाही. हे मुलांपेक्षा पालकांनाच आधी सांगावं.