वॉशिंग्टनचे पत्र : रॉन बर्गंडीची दुसरी फेरी

वॉशिंग्टन, जानेवारी २०१४

एका वाहिनीवर पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांची मुलाखत चालू आहे. त्याच वेळी दुसरीवर पोलीस एका गाडीचा पाठलाग करताहेत. गाडीत कोण आहे, ती कुठे निघाली आहे, कुणालाच ठाऊक नाही. निवेदक मनाला येतील ते अंदाज बांधतो आहे. बघता बघता लोक अराफतना सोडून गाडीकडे वळतात. ‘अँकरमन २’ या विनोदी चित्रपटातला हा प्रसंग. डिसेंबर २०१३मध्ये तो लागला तेव्हा थिएटरात सगळे पोट धरून हसत होते, मीही हसले. पण इथल्या बातम्या अशा का झाल्या, हे समजून घ्यायला या प्रसंगाइतकी चांगली सुरुवात मला दुसरी दिसत नाही.

पहिला भाग २००४चा. कथा १९७०च्या दशकातल्या सॅन दिएगोची. स्थानिक वाहिनीचा अँकर म्हणजे तेव्हा गावाच्या ओळखीचा, रोज संध्याकाळी घरात येणारा माणूस. अभिनेता विल फेरेलचा रॉन बर्गंडी तसाच आहे : भरघोस मिशा, भारदस्त आवाज, समोर लिहून येईल ते वाचणारा, आणि शेजारच्या खुर्चीत स्त्री येऊन बसली की बिथरणारा. दुसऱ्या भागात तो न्यूयॉर्कला, चोवीस तास बातम्या देणाऱ्या नव्या वाहिनीत येतो. वाट्याला येते मध्यरात्रीनंतरची वेळ. प्रेक्षक मिळवायचे, तर लोकांना हवे तेच द्यायचे, असे तो ठरवतो; सुरुवातीचा तो पाठलाग त्यातूनच येतो.

अशी वाहिनी खरोखर निघाली होती. टेड टर्नर यांची सीएनएन १ जून १९८० रोजी अटलांटात सुरू झाली. तोवर बातम्या म्हणजे एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीन वाहिन्या. त्यांची केंद्रे ज्या लहरी वापरत त्या जनतेच्या मालकीच्या, म्हणून सरकारी परवान्याला १९३४च्या कायद्याने लोकहिताची अट होती. संध्याकाळचा अर्ध्या तासाचे बातमीपत्र हे त्या अटीचेच पालन होते. पैसा मनोरंजनातून येई. वादाच्या विषयात दोन्ही बाजू मांडाव्यात, हा १९४९चा नियम १९८७मध्ये रद्द झाला. घरात तारेने येणाऱ्या केबल वाहिन्यांना तर तसला परवानाच लागत नव्हता. शिवाय त्यांना अर्धा तास नाही, सगळा दिवस भरायचा होता. एखादी बातमी खणून काढायला माणसे लागतात, महिने लागतात. पाठलाग दाखवायला एक हेलिकॉप्टर पुरते.

१७ जून १९९४ला हे साऱ्या देशाने पाहिले. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून खुनाच्या आरोपावरून पोलिसांना हवे असलेले माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन यांना घेऊन पांढरी ब्रॉन्को गाडी संथ गतीने चालली होती, मागे पोलिसांचा ताफा. सुमारे साडेनऊ कोटी लोक ते बघत होते. एनबीसीने त्या रात्री बास्केटबॉलचा अंतिम मालिकेतला सामना पडद्याच्या कोपऱ्यात ढकलला.

चित्रपट सलग चांगला नाही. रॉन आपल्या कृष्णवर्णीय वरिष्ठ बाईंच्या घरी जेवायला जातो, तो प्रसंग मला सोसवला नाही. मात्र एक धागा पाठलागापेक्षाही महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. वाहिनीचा मालक केंच ॲलनबी याची विमान कंपनीही आहे. तिच्या विमानांतल्या दोषांची बातमी तयार होते आणि त्याच्याच वाहिनीत दाबली जाते. रॉनची मूर्ख बडबड निदान सगळ्यांना ऐकू येते. दाबलेली बातमी मात्र प्रेक्षकाला कधी कळतच नाही. मला खरी भीती तिची वाटते.

चित्रपट लागण्याआधी, त्याच्या जाहिरातीसाठी, रॉनच्या वेषातल्या फेरेलने नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कच्या केंद्रावर खऱ्या बातम्या वाचल्या. बॉस्टनच्या एमर्सन कॉलेजने आपल्या संज्ञापन विभागाला एक दिवस रॉनचे नाव दिले. आणि इथल्या तेव्हाच्या न्यूझियममध्ये, म्हणजे वृत्तपत्रविद्येच्या संग्रहालयात, नोव्हेंबर २०१३पासून त्याचे प्रदर्शन मांडले होते : त्याचे कपडे, बासरी, वाहिनीचे टेबल.

एका रविवारी मी तिथे गेले. टेबलामागे बसून फोटो काढून घ्यायला मुलांची रांग होती. त्याच इमारतीत वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या शिखरावरच्या अँटेनाचा वाकलेला तुकडा ठेवला होता, आणि एका उंच काचेच्या भिंतीवर काम करताना मारल्या गेलेल्या पत्रकारांची नावे कोरली होती. तिथे माझ्याशिवाय एक आजोबा आणि त्यांची नात होती. नात एकेक नाव मोठ्याने वाचत होती, अडेल तिथे आजोबा सांगत होते. त्यांचे वाचून होईपर्यंत मी तिथेच थांबले.